मोडीत काढण्यापूर्वी खिडकीकडे एकदा नीट बघा

दसरा उलटला की घरोघरी एकच विषय निघतो. दिवाळीपूर्वी रंग काढायचा का? आणि रंगाचं नाव निघालं की पाठोपाठ खिडक्यांचं निघतंच. “पावसाळाभर ही झडप लागतच नव्हती,” “खालचं लाकूड कुजलंय,” “एकदाच काय ते ॲल्युमिनियमचं सरकतं करून टाकू.” रंगारी, सुतार आणि ॲल्युमिनियमवाला, तिघांची तीन मतं. सण तोंडावर आलेला असतो, घरात पसारा पडलेला असतो, आणि निर्णय घाईत होतो. पण भिंतीतून एकदा उपटलेली चौकट पुन्हा तिथे बसत नाही. म्हणून आज लाकडी खिडक्यांविषयी सविस्तर. जुनं घर असणाऱ्यांनी सुरुवातीपासून वाचा. नवीन घर बांधणाऱ्यांनी किंवा फ्लॅट सजवणाऱ्यांनी शेवटचा भागही सोडू नका.

आधी तपासणी, मग सुतार

सुताराला बोलावण्यापूर्वी एक दुपार स्वतः द्या. हाताशी एक दाभण किंवा जुना स्क्रूड्रायव्हर, खडू, हातआरसा आणि वही घ्या. प्रत्येक खिडकीला नंबर द्या आणि वहीत एकेक पान करा. मुलं मोठी असतील तर त्यांनाही कामाला लावा, त्यांना हे डॉक्टर-डॉक्टर खेळल्यासारखं वाटतं.

दाभण टोचायचं ते पाच ठिकाणी. चौकटीची खालची आडवी पट्टी, चौकटीचे दोन्ही खालचे कोपरे, झडपेची खालची पट्टी आणि बिजागरीभोवतीचं लाकूड. चांगलं सागवान दाभणाला परत ढकलतं, टोक जेमतेम आत जातं. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात सुरी जावी तसं जातं. किती खोल गेलं ते वहीत लिहा. पाव इंचाच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही. इंचभर गेलं तर तेवढा भाग बदलावा लागणार.

आता हातआरसा. झडप उघडून आरसा तिच्या खाली धरा आणि खालची कड बघा. दहापैकी आठ घरांत त्या कडेला रंगाचा थेंबही लागलेला नसतो. रंगाऱ्याला ती दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही. पण उभ्या पट्ट्यांची टोकं तिथेच उघडी असतात, आणि लाकूड पाणी पितं ते या टोकांतूनच. पुढून चकचकीत दिसणारी खिडकी खालून कुजते ती अशी.

लाकडात बारीक गोल भोकं दिसली तर लगेच घाबरू नका. भोकं जुनी आहेत की किडा अजून आत आहे, हे कळायला हवं. त्याखाली काळा कागद चिकटवा आणि आठ दिवस थांबा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर भुंगा जिवंत आहे. वाळवीची खूण वेगळी. ती भिंतीवरून मातीच्या नळ्या करत येते. वाळवी असेल तर खिडकी दुरुस्त करण्यात अर्थ नाही. आधी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंतीचा आणि जमिनीचा बंदोबस्त करून घ्या, मग सुतार.

पावसात अडकणारी झडप

जुलैत झडप अडकली की घरातलं कुणीतरी सुताराला बोलावतं, तो रंधा मारतो आणि झडप लागते. मग जानेवारीत त्याच झडपेच्या फटीतून धूळ आणि थंडी येते. असं का होतं? लाकूड दमट हवेतून ओलावा घेतं आणि आडवं फुगतं. लांबीत मात्र ते जवळजवळ वाढत नाही. पावसाळ्यातली फुगलेली झडप तासली की कोरड्या दिवसांत ती गरजेपेक्षा लहान होणारच. म्हणून पावसात फक्त अडकणाऱ्या जागी खडूने खूण करा, कडेला मेणबत्ती किंवा साबणाची वडी घासा आणि वेळ मारून न्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लाकूड सुकल्यावर पुन्हा बघा. तरीही त्याच खुणेपाशी घासत असेल तरच रंधा मारायचा, तोही हलका. आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी तेल किंवा प्रायमर लावायचा.

त्याआधी एक गोष्ट नक्की पाहा. पुष्कळदा झडप फुगलेली नसतेच, ती लोंबलेली असते. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की झडप आपल्या वजनाने खाली येते आणि खालच्या कोपऱ्यात घासते. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या घट्ट ठोकून भरा, दुसऱ्या दिवशी वर सपाट कापा आणि थोडा लांब स्क्रू बसवा. अर्ध्या तासाचं काम. मुंबईत, कोकणात, समुद्राजवळ कुठेही राहत असाल तर लोखंडी स्क्रू नको. पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतालचं लाकूड तडकवतं.

कुजलेला भाग काढायचा, थापायचा नाही

कुजलेल्या जागी सिमेंट किंवा बाजारचा लांबीचा गोळा थापून वर रंग मारणारे सुतार-रंगारी खूप भेटतात. दिवाळीपुरतं सगळं छान दिसतं. पण लाकूड फुगतं-आखडतं आणि सिमेंट तसंच राहतं. दोघांमध्ये बारीक फट पडते, फटीत पाणी शिरतं आणि ते बाहेर पडत नाही. दोन पावसाळ्यांत कूज दुप्पट होते.

योग्य पद्धत अशी. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत तिरका कापून काढायचा आणि त्या मापाचा जुन्या सागवानाचाच तुकडा जोडायचा. तुकड्याच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांच्या दिशेने हव्यात. पाण्यात टिकणारा गोंद आणि लाकडी खुंट्या वापरायच्या. घरात एखादी पार गेलेली झडप असेल तर ती भंगारात देऊ नका, तिच्यातूनच बाकीच्यांसाठी तुकडे निघतात. सुताराला आधीच सांगा, “जोड दिसला तरी चालेल, पण पोकळ राहता कामा नये.” चांगल्या सुताराला हे वाक्य आवडतं.

आणि कूज का आली हेही शोधा. छज्जा तुटलाय का? पागोळ्यांचं पाणी थेट झडपेवर पडतं का? खिडकीच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का? झडपेच्या खालच्या पट्टीला बाहेरून एक पट्टी आणि तिच्या पोटाला बोटभर रुंद खाच असेल तर पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, आत ओघळत नाही. जुन्या घरांत ही खाच असते, पण रंगाच्या थरांनी बुजून गेलेली असते. ती मोकळी करणं हीच अर्धी दुरुस्ती आहे.

जुना रंग खरवडताना जपा

हा भाग मी मुद्दाम ठळक करते, कारण दिवाळीच्या आधी घरोघर नेमकं हेच चालतं. रंगारी कोरड्या कागदाने खिडकी घासत असतो, घरभर पांढरी धूळ उडते, आणि त्याच खोलीत बाळ रांगत असतं.

जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या कुठल्याही थरात शिसं असेल असंच धरून चाला. गजांवर शेंदरी रंगाचा थर दिसला तर जास्तच जपा, कारण पूर्वी लोखंडाला गंज लागू नये म्हणून शेंदूर लावत आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. ही धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तो भरून निघत नाही. गरोदर बाईलाही ती घातक आहे, कारण शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येणार म्हणून आपण घर रंगवायला काढतो, आणि तिच्याच अंगणात ही धूळ उडवतो. हे थांबवायला हवं.

काय करायचं? घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर खरवडण्याचं काम होईपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा. ते शक्य नसेल तर काम पुढे ढकला. झडपा काढून अंगणात किंवा गच्चीत न्या, खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. रंग कधीही कोरडा घासू नका. पाणी शिंपडून ओला करा आणि पत्र्याच्या पट्टीने किंवा पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने काढा. ज्योतीने रंग जाळणं पूर्ण बंद, त्यातून विषारी वाफ निघते. तोंडावर नुसता रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा चांगला मास्क वापरा, आणि रंगाऱ्यालाही द्या. काम झाल्यावर केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने दोनदा पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा. निघालेला रंग पिशवीत बांधून टाका, तो तुळशीच्या किंवा भाजीच्या वाफ्यात जाता कामा नये.

जुना रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे नसतील, तर तो मुळात काढूच नका. ओल्या फडक्याने पुसा आणि त्यावरच नवा थर द्या. “सगळं मूळ लाकूड दिसलं पाहिजे” हा हट्ट धरण्यापूर्वी घरातल्या मुलांचं वय आठवा. आणि कॉस्टिक सोड्याने रंग काढून देतो असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा, सागवान त्याने काळं पडतं.

पुट्टी, तेल आणि रंग

तावदान हलत असेल तर जुनी पुट्टी काढून नवी भरावी लागते. घरी करायची असेल तर खडूची बारीक पूड आणि बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल, एवढंच लागतं. पूड जुन्या परातीत घ्या (ती परात पुन्हा स्वयंपाकात नको), मध्ये खळगा करून तेल थोडं थोडं घाला आणि पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळा. काच बसवायच्या खाचेला आधी तेलाचा हात द्या. नाहीतर कोरडं लाकूड पुट्टीतलं तेल शोषून घेतं आणि पुट्टीला तडे जातात. भरल्यावर आठ-पंधरा दिवस थांबा, वर साय धरली की मग रंग.

बाहेरच्या बाजूला फ्रेंच पॉलिश करू नका. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. आतल्या कपाटाला ते शोभतं, पण पावसाचं पाणी लागलं की पांढरं पडतं. बाहेरून दोनच मार्ग. एक, लाकडाचा प्रायमर आणि वर ऑइलपेंटचे दोन हात. हे सगळ्यात टिकाऊ आणि स्वस्त. दुसरा, लाकूड दिसायला हवं असेल तर बेलतेलात थोडं टर्पेंटाइन मिसळून कापडाने चोळणं, आणि ते दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा करणं. हौस असेल तरच हा दुसरा मार्ग घ्या. कुठलाही मार्ग घेतला तरी खालच्या कडेला एक हात जास्त. आरसा धरून खात्री करा आणि मगच रंगाऱ्याचे पैसे चुकते करा.

एक सूचना जिवावरची आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम संपलं की फडकी मोकळ्या जागेत एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या बादलीत टाका. माळ्यावर किंवा गॅसच्या सिलिंडरशेजारी तर कधीच नको.

भंगारवाल्याचा भाव आणि आपलं गणित

वाईहून एका मैत्रिणीचं पत्र आलं होतं. सासरचा जुना वाडा, अकरा खिडक्या. भंगारवाला सगळ्या मिळून एक ठोक रक्कम देतो म्हणतो. दीर म्हणतात, देऊन टाका, त्यात थोडी भर घालून सरकत्या खिडक्या बसवू, खालचा भाग विटांनी बुजवून घेऊ. सासूबाई नको म्हणतात, पण कारण सांगत नाहीत. “मी कुणाच्या बाजूने बोलू?” असं त्यांनी विचारलं होतं.

मी त्यांना लिहिलं, कुणाच्याच बाजूने बोलू नका, आधी टेप घेऊन मोजा. लाकूड घनफुटावर विकलं जातं. रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. आलं ते घनफूट. मी शाळेत अर्धा दिवस शिकवते, आमच्या सातवीतल्या मुलीही हे गणित चटकन करतात. तीन फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी घेऊ. चौकट चार इंच बाय तीन इंच, एकूण लांबी १४ फूट. बारा गुणिले चौदा भागिले १४४, म्हणजे १.१७ घनफूट. दोन झडपांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या तीन इंच बाय दीड इंच, एकूण लांबी साधारण २५ फूट. त्यांचे झाले ०.७८. म्हणजे मधल्या फळ्या सोडूनही एका खिडकीत जवळजवळ दोन घनफूट सागवान आहे. अकरा खिडक्यांत एकवीसहून जास्त. आता लाकडाच्या दोन-तीन वखारींत जाऊन सागवानाचा घनफुटाचा भाव विचारा. जुन्या लाकडाला खिळे असतात, भोकं असतात, लांबी कमी असते, तेव्हा नव्याचा भाव येणार नाही हे खरं. पण आपण काय विकतो आहोत ते तरी विकण्यापूर्वी कळेल.

त्यांनी मोजलं, दाभणही टोचलं. अकरांपैकी सात खिडक्या धडधाकट निघाल्या, तिघींना खाली जोड लागणार होता, एक वाळवीने पार गेली होती. हा कागद जेवणानंतर सगळ्यांपुढे ठेवला, तेव्हा दीरांनीच आकडे दोनदा तपासले आणि भंगारवाल्याला परत पाठवलं. आणि मग सासूबाई बोलल्या. त्या दिवसभर पुढच्या खिडकीपाशी खाली बसून धान्य निवडतात. खिडकीचा खालचा भाग बुजवला की बसल्या जागेवरून रस्ता दिसणार नव्हता, समोर नुसती भिंत येणार होती. गुडघ्यांमुळे त्यांना सारखं उठता येत नाही. हे त्यांना चारचौघांत सांगायला संकोच वाटत होता.

जुन्या वाड्यांच्या खिडक्या जमिनीलगत आहेत त्या याच कारणाने. घरातली माणसं खाली बसत, आणि वारा बसलेल्या माणसाला लागायला हवा. तेव्हा खिडकीची उंची बदलण्यापूर्वी घरात तिच्यापाशी कोण बसतं ते विचारा. लहान मूल असेल तर मात्र जमिनीलगतच्या खिडकीला गज हवेतच.

आणखी एक. तुमचा वाडा किंवा इमारत वारसा यादीत असेल तर बाहेरचं रूप बदलण्यापूर्वी महापालिकेची परवानगी लागते. फ्लॅट असेल तर सोसायटीला आधी विचारा.

नव्या घरासाठी निवड

“नव्या घरात लाकडी खिडक्या परवडतात का?” हा प्रश्न नेहमी येतो. सगळ्या खिडक्या लाकडी करण्याचा अट्टहास नको. स्नानगृह, स्वयंपाकघराच्या ओट्यामागची खिडकी, पश्चिमेच्या पावसाचा थेट मारा घेणारी छज्जा नसलेली खिडकी, इथे पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी बरं. उंच इमारतीत बाहेरून रंग देणं अवघड असतं, तिथेही तेच. पण बैठक, निजायची खोली आणि ऊन तापवणारी बाजू इथे लाकडाचा विचार जरूर करा. लाकडातून उष्णता फार सावकाश जाते. ॲल्युमिनियम ती लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने वाहून नेतं. दुपारी दोन वाजता दोन्हींच्या चौकटींना हात लावून पाहा, पुस्तक वाचायला नको. शिवाय दोन झडपांची सरकती खिडकी कितीही मोठी केली तरी निम्मीच उघडते. बिजागरीची पूर्ण उघडते. छोट्या खोलीत हा फरक मोठा.

लाकूड कोणतं? सागवान पहिलं, कारण त्याच्या गाभ्यातल्या तेलामुळे वाळवी आणि कूज लांब राहते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान बाजारात बल्लारशा किंवा सीपी सागवान म्हणून ओळखलं जातं. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून लाकूड गेलं ते हेच. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हा ‘बर्मा सागवान’ म्हणून स्वस्तात काही दाखवलं तर दोनदा विचार करा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं सागवानही पुष्कळ येतं. ते वाईट नसतं, पण कोवळ्या झाडाचं असेल तर त्यात सालीजवळचा पांढरट भाग जास्त असतो. त्या पांढऱ्या भागाला वाळवी सोडत नाही, मग झाड सागाचं असलं तरी. चौकटीत पांढरट पट्टा दिसला तर तो तुकडा परत करा. कोकणात फणसाच्या लाकडाच्या खिडक्याही चांगल्या टिकल्या आहेत. आंब्याचं लाकूड मात्र खिडकीला नको, त्याला कीड पटकन लागते.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी करा. तुकडा ताजा कापून घ्या, कारण वरचा रंग डाग लावून आणता येतो, आतला नाही. कापलेल्या टोकाचा वास घ्या, सागवानाला कातड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. आणि तो तुकडा घरी आणून वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा, आठ दिवस सावलीत ठेवून पुन्हा वजन करा. वजन लक्षात येण्याइतकं उतरलं तर लाकूड ओलं आहे. ओल्या लाकडाची खिडकी पहिल्या उन्हाळ्यातच वाकडी होणार.

ज्यांना फारच कमी खर्चात हवी असेल त्यांच्यासाठी लॉरी बेकर यांची युक्ती सांगते. केरळात स्वस्त आणि सुंदर घरं बांधणारे हे वास्तुतज्ज्ञ २००७ साली गेले. सर्वांत साधी खिडकी म्हणून ते एक उभी फळी सुचवत. वर आणि खाली एकेक भोक, त्यात फळीच्या खुंट्या फिरतात. चौकट नाही, बिजागरी नाही. अशा तीन-चार फळ्या ओळीने लावल्या की जिन्याला किंवा कोठीच्या खोलीला सुरेख उजेड मिळतो.

शेवटी गजांबद्दल. दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको, लहान मुलाचं शरीर त्यातून जाऊ शकतं. गज उभे असावेत, आडव्या गजांवर मुलं शिडीसारखी चढतात. आणि पेटीसारखी बाहेर काढलेली जाळी असेल तर तिला आतून उघडणारं दार हवंच. आग लागली तर जिना बंद होतो, आणि कुलूपबंद जाळीच्या मागे माणसं अडकतात. त्या दाराची किल्ली खिडकीशेजारीच खिळ्याला लावा, आणि घरातल्या प्रत्येकाला ती माहीत असू द्या. मोलकरणीला आणि आजीलाही.

वर्षाचं वेळापत्रक

वहीच्या शेवटच्या पानावर एवढं लिहून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबर: दाभणाची तपासणी, बिजागऱ्या, गरज असेल तर रंधा. जानेवारी ते मार्च: सुताराची कामं आणि जोड. एप्रिल: रंग किंवा तेल, खालच्या कडेसह. मे अखेर, मृग लागण्यापूर्वी: छज्जा आणि खाचा साफ करणं, कड्या-कोयंड्यांना तेलाचा थेंब. जून ते सप्टेंबर: फक्त खडू आणि मेणबत्ती.

पाहिलंत ना, दिवाळीपूर्वीच्या पंधरा दिवसांत यातलं काहीच येत नाही. यंदा खिडक्या नुसत्या पुसा, पणत्या लावा. खरं काम सण झाल्यावर, सवडीने काढा.